दफ्तर आणि दफ्तर वाचणारा

आपल्या मंडळाची सभासद यादी घ्या आणि आडनावांवरून सहज नजर फिरवा. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, पारसनीस, जमेनीस, मुजुमदार. यातले निदान तीन-चार तरी प्रत्येक गावच्या मंडळात सापडतीलच. आपण ही आडनावे इतक्या वेळा उच्चारतो की त्यांचा अर्थ मनातही येत नाही. 'नीस' म्हणजे मूळचे फारसी 'नवीस', लिहिणारा. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, तो लिहिणारा फर्दनवीस, म्हणजे फडणीस. चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा चिटणीस. खजिन्याचा जमाखर्च ठेवणारा पोतनीस. किल्ल्यावरची हजेरी आणि हिशेब पाहणारा सबनीस, कोठाराची नोंद ठेवणारा कारखानीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस.

तलवारीवरून पडलेली आडनावे आपल्याकडे आहेतच, पण लेखणीवरून पडलेली ही आडनावे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. मराठ्यांचे राज्य जितके घोड्यावर चालले तितकेच कागदावर चालले. आणि तो कागद जिथे जमा होई त्याला म्हणत दफ्तर. त्याच शब्दाचे पुढे 'दप्तर' झाले आणि शाळेत जाताना आपल्या पाठीवर बसले.

आपल्यापैकी अनेकांच्या ऑफिसांत 'नॉलेज मॅनेजमेंट' या विषयावर निदान एक तरी दिवसभराची बैठक झाली असेल. १९९५ साली नोनाका आणि ताकेउची या दोघा जपानी प्राध्यापकांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि कंपन्यांना अचानक जाणवले की आपल्याकडचे निम्मे ज्ञान कागदावर नसून माणसांच्या डोक्यात आहे, आणि माणूस नोकरी सोडून गेला की ते त्याच्याबरोबर दाराबाहेर जाते. ऐकायला नवे वाटते. पण या दुखण्याचा एक जुना आणि चांगला मोठा इतिहास आपल्या घरातच आहे. तो म्हणजे पुण्याच्या पेशवे दफ्तराचा. आज तोच सांगायचा आहे.

पण त्याआधी थोडे मागे, शिवकालात जाऊ.

महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले होते, कामाच्या गर्दीत ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले, पत्र झाले का? बाळाजींनी कोरा कागद हातात धरला आणि जणू लिहिलेलेच वाचतो आहोत अशा थाटात सगळा मजकूर न अडखळता म्हणून दाखवला. पुढे खरे कळल्यावर महाराज रागावण्याऐवजी खूश झाले. गोष्ट खरी की रचलेली हा वाद बाजूला ठेवू. ती टिकली, कारण लोकांना ठाऊक होते की चांगल्या चिटणिसाचा निम्मा कागद त्याच्या डोक्यात असतो.

इथेच धोकाही आहे. महाराज १६८० साली गेले. पुढच्याच वर्षी बाळाजी आवजींना संभाजीराजांनी कटाच्या आरोपावरून देहदंड दिला. १६८९ मध्ये संभाजीराजे मारले गेले आणि रायगड मोगलांच्या हाती पडला. शिवकालीन दफ्तरापैकी आज फारच थोडे उरले आहे. राजधानी गेली आणि बरेचसे कागद गेले, तरी राज्य उभे राहिले ते कशावर? बऱ्याच अंशी माणसांच्या आठवणीवर. बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याने बापाच्या मरणानंतरही चिटणिशी सोडली नाही. तो संभाजीराजांबरोबर राहिला, राजारामांबरोबर जिंजीला गेला आणि पुढे शाहू महाराजांच्याही सेवेत आला. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांनी कारभाराची सूत्रे धरून ठेवली. त्यांनी शिवाजी महाराजांचा काळ स्वतः पाहिला होता.

याच रामचंद्रपंतांनी म्हातारपणी, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या गादीसाठी 'आज्ञापत्र' लिहिले. आपण ते राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचतो. मला मात्र ते निवृत्त होणाऱ्या वरिष्ठाने पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेले टिपण वाटते. किल्ला कसा बांधावा, त्यावर माणसे कशी नेमावीत, पाण्याची सोय कशी पाहावी, सावकारांना कसे वागवावे, आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात का लावू नये. हे सगळे त्यांनी अनुभवाने शिकलेले होते. लिहिले नसते तर ते त्यांच्याबरोबर गेले असते.

आता पुण्याकडे वळू. पेशवाईत राज्य वाढले तसा कागद वाढला. पेशव्यांच्या मुख्य कचेरीला हुजूर दफ्तर म्हणत. तिथे दोनशेहून अधिक कारकून कामाला असत असे पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. कामाची वाटणी पक्की होती. 'चालते दफ्तर' रोजचे काम पाही. त्यात फड होता, तिथून सनदा आणि हुकूम निघत. बेहडे, म्हणजे परगण्यांच्या वसुलाचे अंदाज, तयार होत. सरंजामांचा हिशेब वेगळा ठेवला जाई. दुसरे होते 'एकबेरीज दफ्तर'. सगळ्या खात्यांचे कागद तिथे येत, त्यांचा गोषवारा काढला जाई आणि नंतर शोधता यावेत अशा खतावण्या होत. म्हणजे एका दफ्तरात काम चाले आणि दुसऱ्यात झालेल्या कामाची आठवण राहे. आजच्या किती कंपन्यांत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात?

रोजच्या जमाखर्चाची नोंद रोजकीर्दीत होई. एखादी सनद निघाली की तिच्या पाठीवर 'बार' असा शेरा पडे, म्हणजे दफ्तरात नोंद झाली. हिशेब ताडून पाहिला की तो 'रुजू'. आपण आजही 'रुजुवात' म्हणतो ती याच पोटातली. मामलेदाराने धाडलेला हिशेब गावोगावच्या देशमुख-देशपांड्यांच्या कागदांशी ताडून पाहता येई. शिवाय मामलेदाराच्या हाताखाली फडणीस, मुजुमदार असे दरखदार असत आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. एकच माहिती दोन-तीन स्वतंत्र हातांत असे. त्यामुळे कुणा एकाला ती दडवता येत नसे आणि कुणा एकाच्या जाण्याने ती नाहीशीही होत नसे.

या सगळ्याला शिस्त लावण्यात नाना फडणीसांचा मोठा वाटा होता. नानांचा जन्म १७४२ चा. वडील वारले तेव्हा पंधराव्या वर्षाच्या आतच फडणिशी त्यांच्याकडे आली. एकोणिसाव्या वर्षी ते पानिपतातून जिवंत परत आले. थोरल्या माधवरावांच्या हाताखाली त्यांनी फड सांभाळला आणि सवाई माधवरावांच्या काळात कारभार हाती आल्यावर दफ्तराची व्यवस्था आणखी सुधारली. हैदराबादेहून गोविंदराव काळे, दिल्लीहून आणखी कुणी, अशी वकिलांची पत्रे सतत येत. कुठल्या दरबारात काय शिजते आहे हे नानांना पुण्यात बसून कळे. त्यांच्या हुशारीची आपण तारीफ करतो, पण ती हुशारी या येणाऱ्या कागदांच्या ओघावर उभी होती.

तरीही नानांच्या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहिली. आणि गंमत अशी की ती त्यांच्या मोठेपणातूनच आली. हिशेबाचे कागद दफ्तरात होते, पण राजकारणाचे धागे नानांच्या हातात होते. कुणावर किती विश्वास ठेवायचा, कुठल्या पत्राचा खरा अर्थ काय, निजामाशी बोलताना कुठे थांबायचे, हे कुठल्याही खतावणीत नव्हते. त्यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात, त्यांच्या खासगी दफ्तरात राहिला आणि शंभरएक वर्षांनी अभ्यासकांच्या हाती आला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केले. ते सुटून पुन्हा कारभारात आले, पण पूर्वीचा जोर राहिला नाही. १३ मार्च १८०० रोजी ते वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातले शहाणपण गेले, अशा अर्थाचे उद्गार त्या वेळच्या इंग्रज रेसिडेंटाने काढले. शाळेत आपण हे वाक्य नानांचा गौरव म्हणून शिकलो. नीट पाहिले तर त्यात राज्याची केवढी नामुष्की आहे! एका माणसाबरोबर सगळे शहाणपण जाऊ शकते अशी वेळ येऊ द्यायचीच का?

मग दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द आली. त्याने महाल मक्त्याने द्यायला सुरुवात केली. जो जास्त बोली लावील त्याला महाल, आणि मग रयतेकडून तो किती वसूल करतो याची विचारपूस नाही. एकदा मक्ता दिला की बारीक हिशेबाची गरजच कुणाला? गरज संपली तशी दफ्तराची किंमतही संपली. पुढे एल्फिन्स्टनच्या हाताखाली दफ्तराचे काम पाहणाऱ्या कॅप्टन मॅक्लाउडने लिहून ठेवले आहे की बाजीरावाच्या काळात दफ्तराची हेळसांड तर झालीच, पण कारकुनांचा ताफाही जवळजवळ मोडीत निघाला, आणि लोकांना कागद घेऊन जायलाही मोकळीक होती. दफ्तर शत्रूने जाळले नाही, आगीतही गेले नाही. त्यातून कुणाला काही विचारायचे उरले नाही, म्हणून ते मेले.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि लवकरच पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. एल्फिन्स्टनने जी कामे तातडीने हाती घेतली त्यात हे दफ्तर एकत्र करणे हे एक होते. हजारो मैलांवरून आलेल्या माणसाला कळले की हा मुलूख चालवायचा तर कुठले गाव कुणाला इनाम, कुठल्या महालाचा वसूल किती, हे आधी माहीत पाहिजे. आणि ते या कापडी गाठोड्यांत आहे. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. पेशव्यांच्या वारसाला जे नकोसे झाले होते ते जिंकणाऱ्याने उचलून नीट लावून ठेवले.

अर्थात त्याने ते आपल्या उपयोगासाठी ठेवले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा हेच दफ्तर पुरावा म्हणून पुढे आले. ज्याच्या इनामाचा आधार कागदात सापडला नाही त्याचे इनाम धोक्यात. दफ्तर सरकारच्या कुलपात आणि इनामदार दाराबाहेर, अशी ती स्थिती होती. माहिती जपली जाणे वेगळे आणि ती सर्वांना मिळणे वेगळे, हे दख्खनच्या इनामदारांइतके कडवटपणे क्वचितच कुणी शिकले असेल.

पुढची पन्नास-साठ वर्षे हे कुलूप आपल्या इतिहासालाही लागलेले होते. मराठ्यांचा इतिहास लिहायचा आणि मराठ्यांचेच दफ्तर पाहायला मिळायचे नाही! न्यायमूर्ती रानड्यांनी त्यातल्या रोजनिशांचे महत्त्व ओळखले. गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नऊ भागांत छापले गेले. पण ते समुद्रातले ओंजळभर पाणी.

मग काही माणसांनी वेगळी वाट धरली. सरकारी दार बंद आहे ना, मग घरोघरची दारे ठोठावू. मिरजेला शाळेत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरात बसले आणि १८९७ पासून ऐतिहासिक लेख छापू लागले. १८९८ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला. पुढे असे बावीस खंड निघाले. राजवाडे गावोगाव पायी हिंडले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघरामागे, कुठे उंदरांनी कुरतडलेले, कुठे वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेले कागद त्यांनी जमवले. नानांचे जसे मेणवलीला, तसे कितीतरी कारभाऱ्यांचे राजकारण त्यांच्या त्यांच्या घरी पडून होते. दीडशे वर्षे विखुरलेले ते कागद ही माणसे पुन्हा एका ठिकाणी आणत होती. १९१० साली राजवाड्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. तिथे पाक्षिक सभा होत. नवा सापडलेला कागद चारचौघांत वाचायचा, त्यावर वाद घालायचा आणि छापून टाकायचा, अशी रीत पडली. ही रीत मला फार महत्त्वाची वाटते. कागद सापडणे हे एकट्याचे काम आहे, पण तो कळायला चार डोकी लागतात.

शेवटी सरकारी दारही किलकिले झाले. गोविंद सखाराम सरदेसाई, आपले रियासतकार, बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले होते. त्यांच्याकडे पेशवे दफ्तरातून निवड करण्याचे काम आले आणि १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. साठी उलटल्यावर केलेले हे काम! यामागे बंगालचे सर जदुनाथ सरकार यांचा आग्रह आणि मदत होती. ते स्वतः मराठी शिकले होते.

आज हे दफ्तर पुण्यात पुरालेखागाराच्या दगडी इमारतीत आहे. तीस हजारांहून अधिक रुमाल, कोट्यवधी कागद. आता दार उघडे आहे, अभ्यासक परवानगी घेऊन आत जाऊ शकतो. मग अडचण काय?

अडचण अशी की बहुतेक कागद मोडीत आहेत. मोडी म्हणजे भराभर लिहिण्यासाठी घडलेली लिपी. हात न उचलता लिहायचे, दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणाऱ्याला सोयीची, वाचणाऱ्याची परीक्षा घेणारी. छपाई आली ती बाळबोध अक्षरांत. मोडी मागे पडत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली. २०१४ मध्ये संगणकाच्या युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली. मोडीचे वर्गही चालतात आणि त्यांना तरुण मुले येतात ही आनंदाची गोष्ट. पण कोट्यवधी कागद आणि वाचणारे मूठभर, हे प्रमाण अजून तसेच आहे. नुसती अक्षरे लागून भागत नाही. जमाव, पागा, पथके, बेहडा हे शब्द काय सांगतात, कुठल्या रुमालात काय असू शकेल, हे जाणत्याच्या शेजारी बसूनच शिकावे लागते. फडात उमेदवारी करणारा पोर जसा शिके तसेच.

म्हणजे या दफ्तराला चार वेगवेगळी दुखणी झाली. नानांच्या वेळी ज्ञान एका माणसात अडकले. बाजीरावाच्या वेळी ते कुणाला नकोसे झाले. इंग्रजांच्या वेळी ते कुलपात गेले. आणि आपल्या वेळी ते समोर उघडे असून वाचता येईनासे झाले. कागद चारही वेळा तेच होते.

आता आपल्याकडे येऊ, कारण हे लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. आपल्या मंडळाची कार्यकारिणी बदलते तेव्हा नव्या चिटणिसाच्या हाती एक खोका येतो. गेली काही वर्षे तो कुणा ना कुणाच्या गराजमध्ये असतो. त्यात जुन्या पावत्या, एक रबरी शिक्का, फाटकी बॅनरे आणि कुठल्याशा हॉलचा नकाशा असतो. गणपतीसाठी हॉल कुणाशी बोलून मिळवला, समईला परवानगी कशी मिळाली, दोनशे पानांसाठी किती मसालेभात पुरतो, गेल्या खेपेला रुसलेले कलाकार कुणी समजावले, हे मात्र त्या खोक्यात नसते. ते आधीच्या चिटणिसाच्या डोक्यात असते आणि त्यांची बदली दुसऱ्या गावी झालेली असते. दर वर्षी आपण तीच ठेच पुन्हा लागून घेतो.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. पद सोडणाऱ्या प्रत्येकाने रामचंद्रपंतांसारखे एक टिपण लिहावे. ग्रंथ नको, दोन पाने पुरेत. काय केले, काय चुकले, कुणाला विचारावे. ते वार्षिक सभेत वाचावे, त्यावर चार माणसांनी बोलावे आणि त्याच्या प्रती तीन घरांत ठेवाव्यात, एकाच्याच गराजमध्ये नकोत. आणि नव्या चिटणिसाने जुन्याच्या शेजारी निदान एका कार्यक्रमापुरते बसावे.

दुसरी गोष्ट घरची आहे, ती सांगताना मन जरा जड होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांचे कागद मोडीत आहेत. आजोबांना ते वाचता येत, वडिलांना अडखळत, आपल्याला मुळीच नाही. आपण भारतातून येताना आईची, मामाची पत्रे जपून आणली आहेत. ती देवनागरीत आहेत. आपली मुले मराठी बोलतात, समजतात, पण त्यांच्यातल्या किती जणांना ती पत्रे वाचता येतील? मोडी जायला पुण्यात तीन पिढ्या लागल्या. इथे तेवढ्याही लागणार नाहीत.

ती पत्रे कपाटात सुरक्षित आहेत, यात शंका नाही. पण पेशवे दफ्तरही सुरक्षितच होते. एखाद्या रविवारी त्यातले एक पत्र काढून मुलांना शेजारी बसवावे आणि बोट ठेवून वाचून दाखवावे. पुढच्या रविवारी त्यांना वाचू द्यावे.